चौपन्नला भक्ती, पंचावन्नला अहंकार

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक निरोप दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. सापशिडी इंग्रजांची नाही, ती ज्ञानेश्वर माउलींनी काढली, तिचं खरं नाव मोक्षपट, आणि खाली जोडलेले तीन नमस्कार. या वेळी तो आला तेव्हा धाकट्या वहिनीने खाली लिहिलं, "छानच आहे, पण मग आमच्या मुलांना याचा उपयोग काय?" निरोप पाठवणाऱ्या काकांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला.

मला मात्र तो प्रश्न सोडवेना. कारण वहिनीची अडचण आपल्या सगळ्यांचीच आहे. मुलांना रामायण-महाभारत, संतांची वचनं, एखादं स्तोत्र कानावर पडावं असं वाटतं. पण शिकवायला बसलं की ते प्रवचन होतं, आणि प्रवचन सुरू झालं की मुलांना तहान लागते, शू लागते, गृहपाठ आठवतो. नाही शिकवलं तर मनात रुखरुख. मग रुखरुख घालवायला आपण क्लास लावतो. मधला एक रस्ता आपल्या घरांना फार आधीपासून माहीत होता. तो खेळाचा. आज त्याबद्दल लिहायचं आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात सगळ्यांत सोप्या खेळापासून करते. श्लोकांच्या भेंड्या. हल्ली भेंड्या म्हटलं की गाण्यांच्या, आणि त्याही पिकनिकच्या बसमध्ये. पण आमच्या आजीच्या पिढीला भेंड्या म्हणजे श्लोकांच्या आणि आर्यांच्याच माहीत होत्या. समोरच्याचा श्लोक ज्या अक्षराने संपेल त्या अक्षराने आपला सुरू करायचा. खर्च शून्य, सामान शून्य, वीज गेली तरी चालतो. 'म' आला की समर्थांचे मनाचे श्लोक तयारच, कारण त्या २०५ श्लोकांतले कितीतरी 'मना' या हाकेनेच सुरू होतात. मोरोपंतांच्या आर्या, वामन पंडितांचे श्लोक, रामरक्षा, १९३२ नंतर विनोबांची गीताई, असा एकेका घराचा साठा असे. पंगतीत श्लोक म्हणायची पद्धत होती, त्यामुळे चार लोकांत आपल्याला काही येत नाही ही नामुष्की मुलांना नको असायची. 'ळ' आला की 'ल' चालेल की नाही यावर भांडणं व्हायची, तीसुद्धा खेळाचाच भाग.

या खेळाची गंमत आणि मर्यादा एकच आहे. भेंड्यांत मुलाच्या डोक्यात श्लोक पहिल्या अक्षराच्या खणात जाऊन बसतो. अर्थाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. 'द' आला की तोंडातून धाडकन बाहेर पडतो. आजीला शेकडो श्लोक येत, पण एखाद्याचा अर्थ विचारला तर ती म्हणायची, "तो नंतर कळतो, आधी तोंडात तर बसू दे." पूर्वी मला हे पटत नसे. आता चाळिशीनंतर काही ओळी आपणहून अर्थ सांगायला लागल्या आहेत, तेव्हा तिचं म्हणणं निदान अर्धं तरी खरं होतं असं वाटतं. तर भेंड्यांनी काय शिकवलं? पाठ.

दुसरा खेळ थोडा श्रीमंतांचा. गंजिफा. गोल पत्त्यांचा हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने आइन-ए-अकबरीत या खेळाचं वर्णन केलं आहे. मोगली गंजिफा ९६ पत्त्यांची, आठ रंगांची. त्या रंगांत गुलाम, मुकुट, तलवार असा दरबारी थाट होता. आपल्याकडे आल्यावर लोकांनी काय केलं, तर रंग बदलले. आठाऐवजी दहा केले आणि प्रत्येक रंगाला एकेक अवतार दिला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. एकूण १२०. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला ४० पत्ते. हीच ती सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. तिथल्या चितारी कलाकारांचा हा हातखंडा, आणि तो जवळजवळ संपला असताना १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन तो पुन्हा उभा केला.

हा खेळ खेळायला दहा अवतार क्रमाने आणि खुणेने पक्के माहीत हवेत, नाहीतर हातातला पत्ताच ओळखता येत नाही. त्यातही गंमत अशी की दिवसा खेळलात तर पहिली उतारी रामाची, रात्री खेळलात तर कृष्णाची. म्हणजे सूर्यवंशी राम आणि मध्यरात्री जन्मलेला कृष्ण, हे न सांगता मुलाच्या लक्षात राहणार. अर्ध्या रंगांत दश्शा मोठा तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा, त्यामुळे डोकं सतत जागं. कोणी समोर बसवून "सांग बाळ, पाचवा अवतार कोणता" असं विचारायची गरजच नाही. तर गंजिफांनी काय शिकवलं? नावं आणि क्रम.

पाठ झालं, क्रम झाला. उरला अर्थ. तो ज्या खेळाने शिकवायचा प्रयत्न केला तो म्हणजे आपल्या निरोपातला मोक्षपट, उत्तरेत ज्याला ज्ञानचौपड म्हणतात.

आधी माउलींबद्दल, कारण काका वाचत असणार. आख्यायिका अशी की निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला जात तेव्हा घरी राहिलेल्या सोपान-मुक्ताईला विरंगुळा म्हणून हा पट आखून दिला. गोष्ट इतकी गोड आहे की खरी असावीशी वाटते. पण ज्ञानेश्वरीचा काळ १२९०, समाधी १२९६, आणि ज्यांच्यावर साल घातलेलं आहे असे हाती असलेले पट अठराव्या शतकातले आहेत. त्यांतला सर्वांत जुना म्हणून १७३५ चा सांगितला जातो. मधल्या साडेचारशे वर्षांचा पूल आपल्याकडे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी मराठी मोक्षपट शोधून उजेडात आणले. डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसन या अभ्यासकाने तर पश्चिम भारतातल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंधच लिहिला. तेव्हा मराठी मोक्षपट होते, खेळले जात होते, हे पक्कं. माउलींनी काढला, ही श्रद्धा. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी ठेवली की भांडण उरत नाही.

आणि गंमत बघा. तिबेटातही असाच एक मुक्तीचा पट आहे. तो तेराव्या शतकातल्या साक्य पंडिताने आजारी आईचं मन रमावं म्हणून केला, असं तिथली परंपरा सांगते. एकीकडे घरी राहिलेली लहान भावंडं, दुसरीकडे अंथरुणाला खिळलेली आई. दोन्ही गोष्टी ऐतिहासिक असोत-नसोत, लोकांच्या मनात या खेळाची जागा कुठे होती ते त्यांतून कळतं. मठात नाही, पाठशाळेत नाही. घरात, जमिनीवर, आपल्या माणसासाठी.

पट किती घरांचा, याचा एकच नियम नव्हता. जैनांचे पट साधारण ८४ घरांचे, आणि ते पर्युषणाच्या दिवसांत खेळले जात. वैष्णवांचे बहुधा ७२ घरांचे. सूफी मंडळींचे शंभर घरांचे पट आहेत, त्यांत वर अल्लाचं सिंहासन. नेपाळात नागपाश नावाने हाच खेळ सापडतो. म्हणजे सांगाडा एकच, प्रत्येकाने आपापलं शास्त्र त्यात भरलं. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला १८३१ मध्ये मेजर हेन्री डंडास रॉबर्टसन याने असाच एक पट भेट दिला. 'शास्त्र्यांचा स्वर्ग-नरकाचा खेळ' अशा अर्थाच्या नावाने तो तिथे ओळखला जातो.

आता ७२ घरांचा पट जरा जवळून पाहू. हरीश जोहरी यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात जो छापला तो मी समोर घेते आहे, कारण तो सहज मिळतो. नऊ घरांच्या आठ ओळी. खालून वर, नागमोडी. पहिलं घर जन्म. सहा पडल्याशिवाय जन्मच नाही. ६८ वं घर वैकुंठ, तिथे पोचलं की सुटलो. दहा साप, दहा शिड्या.

पहिल्या ओळीतच क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आणि काम अशी सहाच्या सहा घरं आहेत. षड्रिपू! आता साप कुठून कुठे जातात ते पाहा. बाराव्या घरातली ईर्ष्या खाली नेते मत्सरात. सोळावा द्वेष लोभात. चोविसावा कुसंग मदात. एकोणतिसावा अधर्म मोहात. चव्वेचाळिसावी अविद्या कामात. आणि पंचावन्नावा अहंकार क्रोधात. दहांपैकी सहा साप, आणि सहा शेपट्या बरोबर सहा रिपूंवर! हे ज्याने आखलं त्याने नुसतं "वाईट वागलात तर खाली याल" असं लिहिलेलं नाही. कशाने काय होतं ते लिहिलं आहे. अहंकाराचा शेवट क्रोधात होतो, हे तर आपल्यापैकी प्रत्येकाने ऑफिसात पाहिलेलं आहे. वाईट संगतीने आधी माज येतो, हे ज्यांच्या घरी चौदा-पंधरा वर्षांचं मूल आहे त्यांना विचारा.

शेजारही तसेच विचारपूर्वक ठेवलेले. चोवीस कुसंग, पंचवीस सुसंग. साठ सुबुद्धी, एकसष्ट दुर्बुद्धी. एका घराचा फरक. आणि चौपन्नला भक्ती. तिथली शिडी थेट वैकुंठात. पण नागमोडी वाटेमुळे पंचावन्नावं घर, म्हणजे अहंकार, पटावर बरोबर भक्तीच्या डोक्यावर येऊन बसतं. एक दान जास्त पडलं की वैकुंठाऐवजी तिसऱ्या घरात, क्रोधात. भक्तीच्या इतक्या जवळ अहंकार असतो, हे सांगायला कीर्तनकारांना तास लागतो. इथे ते एका बोटाच्या अंतराने सांगितलं आहे.

मग हा खेळ इंग्लंडला गेला आणि काय झालं? तिथेही घरात खेळातून धर्म शिकवायची पद्धत जुनीच होती. १८०० मध्ये लंडनला 'मॅन्शन ऑफ हॅपिनेस' नावाचा खेळ निघाला, आणि १८४३ मध्ये अमेरिकेत सेलम गावी तो डब्ल्यू. अँड एस. बी. आइव्ज या मंडळींनी काढला. वळणावळणाचा रस्ता, सद्गुणावर पडलात तर पुढे, दुर्गुणावर पडलात तर मागे. सब्बाथ, म्हणजे रविवार, मोडणाऱ्याला फटक्यांच्या खांबाकडे पाठवत. त्यात फासा नव्हता, कारण फासा म्हणजे जुगार. त्याऐवजी बोटांनी फिरवायची आकडे लिहिलेली भिरभिरी असे. मुलांना उपदेश करायचा, पण फाशाचा विटाळ नको! आपल्या आज्यांना हे ऐकून हसू आलं असतं, पण कळलंही असतं.

अशा देशात आपली सापशिडी पोचली. १८९२ च्या सुमारास एफ. एच. एअर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ती लंडनला नोंदवली. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवर काटकसर, पश्चात्ताप, आळस अशी नावं आणि चित्रं होती. हळूहळू ती गळत गेली. आपल्या काही जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असत. तिकडे दोन्हींची संख्या सारखी झाली, मुलांना वाईट वाटायला नको म्हणून असेल. १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून घसरगुंड्या लावल्या. आणि आपल्या बाजारात जो परत आला तो नुसत्या १ ते १०० आकड्यांचा पुठ्ठा, ज्याच्या पाठीमागे लुडो. तो लुडोही आपल्याच पचिसीवरून १८९६ मध्ये इंग्लंडात पेटंट झालेला! एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना आपलेच दोन खेळ, आणि दोघांच्याही अंगावर जुनं काही उरलेलं नाही.

मला यात इंग्रजांवर राग काढण्यासारखं काही दिसत नाही. त्यांनी खेळ नेला तो खेळ म्हणून. अर्थ नेण्याची जबाबदारी त्यांची नव्हती. नावं आपण का पुसू दिली, हा प्रश्न आपला आहे.

असो. इथवर इतिहास झाला. आता वहिनीच्या प्रश्नाकडे. उपयोग काय?

मी गेल्या श्रावणात ७२ घरांचा पट ड्रॉइंग पेपरवर आखला. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. माझे बाबा आमच्याकडे असतात. ते आयुष्यभर गणित शिकवलेले, आणि देवाधर्माच्या बाबतीत, सौम्य शब्दांत सांगायचं तर, कोरडे. पट पाहून त्यांनी दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही मला महत्त्वाचे वाटले.

पहिला आक्षेप फाशाचा. "फाशाला पुण्य कळत नाही," ते म्हणाले. "दानाच्या घरात पोर पडलं, त्याने दान केलं का? नाही. त्याला चार पडले. म्हणजे तू शिकवते आहेस की चांगुलपणा नशिबाने मिळतो." खरं आहे. शिवाय ज्या परंपरेत ऋग्वेदापासून जुगाऱ्याचं रडगाणं आहे, जिथे महाभारताचं सभापर्व फाशांमुळे घडतं, तिथे मोक्षाला फाशावर बसवायचं, हे विचित्रच. जुने लोक याचं उत्तर प्रारब्ध असं देतील. हातात पडलेलं दान हे मागच्या कर्माचं फळ. पण सात वर्षांच्या मुलाला प्रारब्ध सांगून मला त्याला गप्प करायचं नव्हतं.

दुसरा आक्षेप नरकाचा. पटावर पस्तिसावं घर नरक आहे. बावन्नाव्या हिंसेचा साप तिथे नेतो. बाबा म्हणाले, "मुलांना भीती घालू नकोस. आमच्या वेळी फार घातली." ते एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पण त्यांच्या लहानपणी घरात काय प्रकारचा धर्म होता ते मला थोडं ठाऊक आहे. पापाच्या धाकाने जो मुलगा रात्री झोपत नसे, तो पुढे कोरडा झाला तर त्यात नवल नाही. म्हणून हा आक्षेप मला नुसता बाजूला सारता येईना. घरी शास्त्र शिकवायचं म्हणजे तो धाक पुन्हा एका पिढीला द्यायचा, असं असेल तर न शिकवलेलं बरं.

पहिल्या आक्षेपावर तोडगा मुलीने काढला. ती म्हणाली, "आई, नुसतं चढायचं नाही. शिडीवर किंवा सापावर आलं की त्या घराची गोष्ट सांगायची. आली तरच चढायचं. आणि सापावर गोष्ट आली तर निम्मंच उतरायचं." म्हणजे फासा फक्त घर ठरवणार, त्या घरात काय करायचं ते आपण. मला वाटतं, बाबांना याहून चांगलं उत्तर कुठल्या शास्त्र्यानेही दिलं नसतं. त्यांनी मान हलवली. गणिताच्या माणसाकडून तेवढं पुष्कळ.

मग गोष्टींचा शोध सुरू झाला. भक्तीला शबरी. दुर्बुद्धीला दुर्योधन. विवेकाला विदुर. दानाला कर्ण, कवचकुंडलांसकट. चोविसावं कुसंगाचं घर आलं तेव्हा मुलगा म्हणाला मंथरा, मुलगी म्हणाली, "नाही, कर्ण." वाद झाला. तो तर शिडीवर होता, सापावर कसा? विसाव्या घरात दान, चोविसाव्यात कुसंग. चार घरांच्या अंतरावर एकच माणूस एकदा वर आणि एकदा खाली. दहा वर्षांच्या मुलीला हे दिसलं, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. महाभारत शिकवायचं म्हणजे याहून वेगळं काय शिकवायचं असतं?

एकदा दयेवर पेच पडला. सतराव्या घरातली दया एकदम ६९ व्या ब्रह्मलोकात नेते. सगळ्यांत लांब शिडी म्हणावी अशीच. पण वैकुंठ ६८ ला! म्हणजे दया वैकुंठाच्या एक घर पुढे नेऊन ठेवते, आणि परत मागे येता येत नाही. पुढे सत्त्व, रज, तम ही तीन घरं, आणि बहात्तराव्या तमोगुणातून साप थेट ५१ व्या पृथ्वीवर. मुलाला हा अन्याय वाटला. "दया केली तर शिक्षा?" मी उत्तर दिलं नाही, कारण तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. बोटाने घरं मोजत तोच म्हणाला, "पण ५१ पासून तीन पडले की भक्ती." आणि चार पडले की अहंकार, असं ताई लगेच म्हणाली. दयाळू माणसाला पुन्हा पृथ्वीवर यावं लागतं, आणि तिथून पुढे तो भक्त होतो की "मी किती केलं" म्हणणारा होतो, ते एका घरावर असतं. पट आखणाऱ्याच्या मनात हेच होतं का, कोण जाणे. पण पट ते बोलतो.

आणि नरक? त्याचा उलगडा वाल्या कोळ्याच्या गोष्टीने झाला. हिंसेच्या घरात मुलगा पडला, गोष्ट सुचली वाल्याची, आणि मग त्याचं त्यालाच कोडं पडलं, की वाल्याचा तर वाल्मीकी झाला, मग तो नरकातून बाहेर कसा आला? आम्ही पट पाहिला. नरक पस्तीस. सदतिसावं घर ज्ञान, आणि ज्ञानाची शिडी जाते ६६ व्या आनंदात. नरकापासून ज्ञान फक्त दोन घरं! या खेळात कुणी बाद होत नाही, हेही तेव्हाच नीट लक्षात आलं. कितीही खाली या, पुढचं दान तुमचंच असतं. बाबा पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, "आम्हाला पस्तीसपर्यंतच सांगितलं होतं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. धाकाचा धर्म आणि या पटावरचा धर्म यांतला फरक त्यात सगळा आला. गोष्ट तीच, नरक तोच. पण एकाने पोराला नरकात उभं करून सोडून दिलं, आणि दुसऱ्याने त्याच्या हातात पुन्हा फासा दिला.

म्हणून वहिनी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. माउलींनी पट काढला की नाही यावर मुलांचं काही अवलंबून नाही. पण प्रवचनात मूल फक्त ऐकतं. खेळात ते भांडतं, मोजतं, अन्याय झाला म्हणतं, नियम बदलून मागतं. शास्त्राशी आपलं नातं असंच असायला हवं ना? आणि खेळात मोठी माणसंही त्याच पटावर असतात. परवा मी सलग दोनदा अहंकारावर पडले, आणि मला गोष्ट सुचेना तेव्हा मुलांना जो आनंद झाला, तो काय वर्णावा! उपदेश करणारी आई आणि क्रोधाच्या घरात बसलेली आई, यांत मुलांना दुसरी जास्त आवडते.

करायला फार काही लागत नाही. एक मोठा कागद, पट्टी, दोन रंगांचे खडू. घरांची नावं मुलांकडून लिहून घ्या, अक्षर कसंही येऊ दे. सोंगट्या म्हणून बटणं चालतात. ७२ घरं जास्त वाटली तर पहिल्या चार ओळी घ्या, ३६ घरांत तासभर जातो. आणि हो, जुन्या पटांवरची सगळीच नावं जशीच्या तशी घ्यायची सक्ती नाही. जैनांनी, वैष्णवांनी, सूफींनी आपापल्या घरांना आपापली नावं दिलीच होती. तुम्हीही द्या. आमच्या मुलाने एका रिकाम्या घराला 'खोटं बोलणे' असं नाव देऊन तिथून साप काढला आहे, तो मोबाइलच्या चित्रात जाऊन संपतो. परंपरेत बसतं.

काका, तुमचा निरोप पुन्हा आला तर मी आता नमस्कार करीनच. तेवढं खाली "पट आखला का?" असंही विचारीन. आणि वहिनी, मुलांना दिवाळीत इकडे पाठव. सहा पडल्याशिवाय जन्म नाही हे त्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे सुरुवातीलाच रडारड नको.